पंचनामा झाला, चोर घरात आहे का?

गेल्या दिवाळीची गोष्ट. वसुबारसेच्या संध्याकाळी एक निवृत्त मास्तर दवाखान्यात आले. चेहरा उतरलेला, हातात रक्ततपासणीचा कागद.

"डॉक्टरसाहेब, चौदा दिवसांच्या गोळ्या नेमाने घेतल्या. पाच महिने पोट दुखले नाही. तरी कागद म्हणतो, जंतू आहेतच! पुन्हा त्याच गोळ्या गिळायच्या का?"

मी म्हटले, "मास्तर, बसा. कागद खोटे बोलत नाही; पण तुम्ही त्याला भलताच प्रश्न विचारलात."

वाचकहो, पोटातल्या बहुतेक व्रणांचे खापर पूर्वी चिंतेवर आणि तिखटावर फुटत असे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरी रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल या डॉक्टरांनी त्यामागचा खरा चोर दाखवला : हेलिकोबॅक्टर पायलोरी हा नागमोडी जंतू. लोकांना पटेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतःच पिऊन पाहिला आणि जठराला सूज आणून घेतली! २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हा जंतू जठरात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. प्रयोगशाळेत बारीक खळग्यांच्या तबकडीवर जंतूंची प्रथिने चिकटवलेली असतात. त्यांवर रक्तातला पिवळसर द्रव सोडतात. प्रतिपिंडे असली तर ती प्रथिनांना धरून बसतात; मग ठरावीक रसायने घातली की रंग चढतो. हीच एलायझा तपासणी.

पण प्रतिपिंडे म्हणजे चोर नव्हे, चोरीचा पंचनामा. चोर पळाला तरी पंचनामा दप्तरात राहतोच! जंतू मेल्यावरही प्रतिपिंडे कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे रक्तात राहतात. म्हणून औषधाने गुण आला की नाही, हे या तपासणीवरून ठरवू नये. नाहीतर नसलेल्या चोरावर पुन्हा जालीम औषधांचा मारा होतो, पोट बिघडते आणि जंतूही त्या औषधांना निर्ढावतात.

चोर आज घरात आहे का, हे सांगणाऱ्या तपासण्या म्हणजे श्वासाची किंवा शौचातील अँटिजेनची. मात्र जंतुनाशक गोळ्या संपून निदान चार आठवडे झालेले असावेत, आणि पित्तावरच्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारून दोन आठवडे आधी थांबवाव्यात. नाहीतर दबून बसलेला चोर नजरेतून सुटतो. तो खरोखरच उरला असेल, तर व्रण पुन्हा उठू शकतो. तेव्हा खात्री ही करून घ्यावीच.

मास्तरांची श्वासाची तपासणी केली. जंतूचा मागमूस नव्हता! तुळशीच्या लग्नाला ते लाडवांचा डबा घेऊन आले.

"आता तो रक्ताचा कागद फाडू का?"

"फाडू नका, मास्तर. जपून ठेवा. फक्त पुन्हा काढू नका!"