ढाब्यावरचे जेवण, कागदातली बाटली

शनिवारची संध्याकाळ झाली, की छत्रपती संभाजीनगरातील मोटारी शहराबाहेर निघू लागतात. जालना, पैठण वा बीडच्या रस्त्यावरील एखादा ढाबा, मोकळी हवा, शेवभाजी, मटण आणि गरम भाकरी हे त्याचे सांगण्याजोगे कारण. अनेकदा कागदात गुंडाळून टेबलाखाली ठेवलेली बाटली हे न सांगितलेले कारण. इंग्लंडच्या खेड्यातील पबमध्ये जेवण आणि बिअरचा ग्लास उजळ माथ्याने एकाच टेबलावर येतात. येथेही ते एकत्र येतात, पण चोरून. हा फरक निव्वळ संस्कृतीचा नाही. त्यामागे कायदा आणि करधोरण यांचाही हात आहे.

मराठवाड्याला या प्रश्नाचा इतिहास आहे. निजामाच्या राजवटीत अबकारी हे महसुलाचे मोठे साधन होते. म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामात शिंदीची झाडे तोडणे हा लढ्याचाच एक भाग बनला. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९४९ चा दारूबंदी कायदा येथेही लागू झाला. संपूर्ण दारूबंदी यथावकाश शिथिल झाली, कायद्याची चौकट मात्र राहिली. त्यामुळे महाराष्ट्रात मद्यपान हा आजही परवानगीचा विषय आहे. पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो आणि बिअरसाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. ‘परमिट रूम’ हे नाव याच व्यवस्थेचे अपत्य. परवाना नसलेल्या ढाब्यावर ग्राहकांना पिऊ दिले, तर कलम ६८ खाली चालकावर आणि कलम ८४ खाली तेथे पिणाऱ्यावर कारवाई होते. उत्पादन शुल्क विभागाचे छापे अधूनमधून पडतात, काही दिवस शांतता राहते आणि टेबले पुन्हा भरतात.

असे का होते? महामार्गांवरील अपघात लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई केली. मार्च २०१७ मध्ये २० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या भागांसाठी हे अंतर २२० मीटर झाले. जुलै २०१७ मध्ये, महापालिका वा नगरपालिका हद्दीतील परवानाधारकांना ही मनाई लागू नसल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. उद्देश निःसंशय योग्य होता. परंतु परवान्याचे दार बंद झाले, म्हणून शहराबाहेर जाणारा ग्राहक थांबला नाही. परवानाधारक विक्रेता हटला, तेथे बिनपरवाना सोय उभी राहिली.

दुसरे कारण पैशाचे. परमिट रूममध्ये दिल्या जाणाऱ्या मद्यावरील मूल्यवर्धित कर नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेला. दुकानातून बाटली घेऊन ढाबा गाठणाऱ्याला हा भार पडत नाही. कायदा म्हणतो, परवान्याच्या जागी बसून प्या. करव्यवस्था म्हणते, बाहेर प्याल तर स्वस्त पडेल. जुलै २०२५ मध्ये राज्यातील परमिट रूमचालकांनी करवाढीविरोधात एक दिवसाचा बंद पाळला, त्यामागे ही विसंगतीही होती. वाळूज आणि चिकलठाणा परिसरातील बिअर कारखान्यांचा महसूल शासनाला हवा असतो. ती बिअर नागरिकाने कोठे, कशी प्यावी, याचा विचार मात्र छाप्यांपाशीच थांबतो.

या सवलतशील विचाराला आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. गावातील दुकान बंद करण्यासाठी महिलांनी मतदानातून ‘आडवी बाटली’ केल्याची उदाहरणे राज्यात आहेत. दारूने घरे मोडल्याचा अनुभव त्यामागे आहे. ढाब्याला सरसकट परवाना म्हणजे त्या महिलांच्या लढ्यावर पाणी ओतणे ठरेल. शिवाय ढाब्यावरून परतणारा बहुधा स्वतः गाडी चालवत येतो. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास २०१९ च्या सुधारणेनुसार पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पण रात्री शहराकडे परतायला बस नसेल, तर दंडाचा धाक पुरेसा पडत नाही.

येथे इंग्लंडच्या कायद्यातील एक तरतूद विचार करण्याजोगी आहे. तेथे मद्यखरेदीचे वय १८ असले, तरी १६-१७ वर्षांच्या मुलाला प्रौढांच्या सोबतीने, जेवणाबरोबर बिअर घेता येते. ही तरतूद उचलून आणण्याची गरज नाही. तिच्यामागची दृष्टी महत्त्वाची. शेजारी ताट असले आणि घरची माणसे असली, की ग्लासाला आपोआप मर्यादा पडते. लपून पिताना ती मर्यादाच नाहीशी होते. घाईने, रिकाम्या पोटी आणि अधिक प्यायले जाते.

म्हणून प्रश्न ढाबे बंद करण्याचा वा मोकाट सोडण्याचा नाही. महामार्गापासून पुरेशा अंतरावर, ग्रामसभेच्या संमतीने, जेवण हाच मुख्य व्यवसाय असलेल्या मोजक्या जागांना परवान्याच्या कक्षेत आणावे, कराची उलटी ओढ दुरुस्त करावी आणि परतीच्या रस्त्यावर तपासणी नियमित व्हावी. छाप्याने टेबल एका रात्रीपुरते रिकामे होते. त्या टेबलावरून उठलेला माणूस सुखरूप घरी पोहोचतो की नाही, ही या धोरणाची खरी कसोटी आहे.