जाहीर इशारा : आधी उपकराचा हिशेब, मग मताची भाषा

महाराष्ट्राच्या 48 लोकसभा आणि 19 राज्यसभा सदस्यांना उद्देशून

देशाच्या प्रत्यक्ष करांपैकी एक तृतीयांशाहून अधिक रक्कम महाराष्ट्रात जमा होते. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी केंद्रीय करांच्या वाटपात आपल्याला दिले 6.317 टक्के, उत्तर प्रदेशाला 17.939, बिहारला 10.058. हे आकडे सभेत फेकून टाळ्या घेणे आता बंद करा. मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपन्या देशभर कमावतात आणि कर मुंबईत भरतात. तो सगळा आमच्याच घामाचा नाही. गरीब राज्याला जास्त मिळावे, हेही आम्हाला मान्य आहे. बिहारच्या नावाने बोटे मोडून तुमची सुटका होणार नाही.

खरी मेख वाटपाच्या आधीच मारलेली आहे. आयोगाने राज्यांना 41 टक्के दिले. पण उपकर आणि अधिभार त्या वाटपात येतच नाहीत. त्यामुळे केंद्राच्या एकूण करमहसुलाचा जेमतेम एक तृतीयांश राज्यांच्या पदरी पडतो. मे 2022 मध्ये पेट्रोलवरचे केंद्राचे शुल्क लिटरमागे 19.90 रुपये झाले. त्यातले राज्यांशी वाटून घ्यायचे किती? 1.40 रुपये! पंपावर पुणेकर पैसे मोजतो, पाटणेकरही मोजतो. उरतात ते दिल्लीत. 2018-19 मध्ये 35 उपकर व तत्सम आकारांतून सुमारे 2.75 लाख कोटी रुपये जमले, ठरलेल्या निधींत मात्र 1.64 लाख कोटीच गेले, असे खुद्द महालेखापरीक्षकांनी नोंदवले आहे.

फेब्रुवारी 2024 मध्ये कर्नाटक आणि केरळचे मुख्यमंत्री याच प्रश्नावर दिल्लीत जंतरमंतरवर बसले. तुम्ही 67 जण पक्ष विसरून एकदा तरी एकत्र उठलात?

आमच्या मागण्या तीन :

1. उपकर व अधिभारावर मर्यादा घालणारी घटनादुरुस्ती मागा. मर्यादेवरची रक्कम राज्यांच्या वाटपात आली पाहिजे.

2. प्रत्येक उपकराचा जमाखर्च दरवर्षी संसदेच्या पटलावर ठेवायला लावा.

3. करवाटा, अनुदाने, रेल्वे, महामार्ग, योजना धरून केंद्र कोणत्या राज्यात किती खर्च करते, याचा एकत्रित तक्ता दरवर्षी प्रसिद्ध करायला भाग पाडा. तो नसल्यामुळेच प्रत्येक पुढारी सोयीचा आकडा काढतो.

मुदत येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसापर्यंत. तोवर तुमची भूमिका लेखी कळवा आणि सभागृहात मांडा. निवेदन स्वीकारतानाचा फोटो उत्तर म्हणून चालणार नाही.

मुदत टळली, तर तुम्ही विचारलेले आणि न विचारलेले प्रश्न तालुक्या-तालुक्यात फलकावर लावू. उद्‌घाटनांना तुम्हाला बोलावणार नाही, सत्काराचा हार घालणार नाही. लोकसभेची मते मागायला याल, तेव्हा उंबरठ्यावरच उपकराचा हिशेब मागू. तो नसेल, तर मतही नसेल; राज्यसभेवर तुम्हाला पाठवणाऱ्या आमदारांनाही हाच नियम लागू राहील.

— महाराष्ट्रातील करदाते