व्यंगचित्रकाराला शाल पुरे, आता जागा द्या

१/ पुण्याहून मिरजेकडे निघालेली गाडी नीरा ओलांडून लोणंदला येते. कांद्याची बाजारपेठ आणि माउलींच्या पालखीचा मुक्काम म्हणून हे गाव सर्वांना ठाऊक आहे. त्याच लोहमार्गावर पुढे, सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी लागते. मराठी व्यंगचित्राचे एक मोठे घर तिथे होते, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

२/ औंध संस्थानातील या नांगरांच्या कारखान्यातून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर, म्हणजेच 'शंवाकि', स्वतः चित्रकार होते. रूढी, बुवाबाजी आणि अंधश्रद्धा यांच्यावर त्यांचा कुंचला लेखणीइतकाच तिखट चालला. इतिहासाने त्यांच्यातील संपादक लक्षात ठेवला आणि व्यंगचित्रकार तळटीपेत ढकलला.

३/ यावर नेहमीचा उपाय सुचवला जातो : व्यंगचित्रकारांना जीवनगौरव द्यावा. द्यावाच, पण ज्या हातांनी शाल पांघरली, त्याच हातांनी चित्राचे काय केले, हेही विचारावे.

४/ केशव शंकर पिळ्ळै यांचे 'शंकर्स वीकली' १९४८ मध्ये सुरू झाले. पंतप्रधान नेहरूही त्यातून सुटले नाहीत. आणीबाणीत, १९७५ मध्ये, ते बंद झाले. पुढच्याच वर्षी, त्याच राजवटीत, शंकर यांना पद्मविभूषण मिळाले. साप्ताहिक मिटले आणि संपादक सन्माननीय ठरला!

५/ २०१२ हे एकच वर्ष पाहा. जानेवारीत गोव्याचे मारिओ मिरांडा यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. मे महिन्यात शंकर यांचे १९४९ चे संविधाननिर्मितीवरील चित्र पाठ्यपुस्तकातून काढण्याचे सरकारने संसदेत जाहीर केले. सप्टेंबरमध्ये असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली.

६/ गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू, हे चित्र पाहून अनेकांचे मन दुखावले. ते दुःख खोटे नव्हते. ज्यांनी शतकानुशतके चाबूक सोसला, त्यांना तो चित्रातही बोचणारच. पण त्याला उत्तर वर्गातच द्यायचे होते : संविधानाला वेळ का लागला, चित्रकाराचे काय चुकले, हे शिकवून. पान फाडल्याने दुखावलेल्यालाही उत्तर मिळाले नाही आणि विद्यार्थ्यालाही.

७/ त्रिवेदींवरील राजद्रोहाचे कलम पुढे मागे घेतले गेले. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल देताना त्या चित्रांत विनोद वा उपरोध नसल्याचेही नोंदवले. तरीही हिंसेला चिथावणी नसलेली सरकारवरील टीका राजद्रोह ठरत नाही, हे स्पष्ट केले. सुमार चित्रालाही संरक्षण असते. हा निकाल कोणत्याही मानपत्राहून मोठा सन्मान आहे.

८/ 'लक्ष्मण यांना तर सारे काही मिळाले,' असा आक्षेप येईल. खरे आहे : १९८४ मध्ये मॅगसेसे, २००५ मध्ये पद्मविभूषण, शिवाय त्यांच्या 'कॉमन मॅन'चे पुणे-मुंबईत पुतळे. पण तो 'कॉमन मॅन' पुतळ्यामुळे मोठा झाला नाही. वर्तमानपत्राने त्याला रोज पहिल्या पानावर जागा दिली, म्हणून तो झाला. उलट, कोल्हापुरात जन्मलेले वसंत सरवटे यांच्यासारखा श्रेष्ठ रेषालेखक सिमेंट कंपनीत अभियंत्याची नोकरी करून रेखाटत राहिला.

९/ म्हणून जीवनगौरवाची खरी कसोटी समारंभात नाही. चित्र कोणत्या तारखेला, कोणत्या घटनेवर, कोणाच्या सत्तेत छापले गेले, या नोंदींसह ते जपले जाते का? आज चित्र काढणाऱ्याला मानधन, पानावर जागा आणि कायद्याचे अभय मिळते का? या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर शाल हे केवळ गप्प झालेल्या कुंचल्याचे बक्षीस ठरते.

१०/ लोणंदच्या एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर 'किर्लोस्कर'चा अंक अजूनही असू शकेल. तो रद्दीत जाण्यापूर्वी कोणीतरी त्यातील चित्राखालची ओळ वाचावी आणि तारीख लिहून ठेवावी. शंवाकिंचा तेवढा सन्मान तरी अद्याप बाकी आहे.