विश्लेषण : राजस्थानचा खासदार २७ लाखांचा, केरळचा १७ लाखांचा, असं का?

लोकसभा मतदारसंघांच्या पुनर्रचनेचा विषय निघाला की दक्षिणेतली राज्यं अस्वस्थ का होतात? राजस्थान आणि केरळ शेजारी ठेवून पाहा.

१९७१च्या जनगणनेत राजस्थानची लोकसंख्या सुमारे २.५८ कोटी होती, केरळची २.१३ कोटी. त्यावरून राजस्थानला २५ आणि केरळला २० जागा मिळाल्या. दोन्हीकडे एका खासदारामागे साधारण साडेदहा लाख माणसं. अगदी चोख हिशेब! २०११पर्यंत राजस्थान ६.८५ कोटींवर गेलं, केरळ ३.३४ कोटींवरच राहिलं. जागा मात्र तेवढ्याच. त्यामुळे आज केरळच्या मतदाराचं मत राजस्थानच्या मतदारापेक्षा बरंच वजनदार आहे.

जागा गोठवल्या कुणी?

आणीबाणीत, १९७६ साली, ४२व्या घटनादुरुस्तीने. कुटुंबनियोजन मनावर घेणाऱ्या राज्यांचे खासदार कमी होऊ नयेत, हा विचार त्यामागे होता. पुढे वाजपेयी सरकारच्या काळात ८४व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. प्रश्न सुटला नाही, पुढे ढकलला गेला.

२०११च्या लोकसंख्येवर ५४३ जागा सरळ वाटल्या तर केरळच्या २०वरून सुमारे १५ होतात, राजस्थानच्या २५वरून ३१. महाराष्ट्र सरासरीच्या जवळ असल्याने ४८चे जेमतेम ५० होतील. आपल्याकडे या वादाची धग जाणवत नाही, ती बहुधा म्हणूनच.

मग एकूण जागाच वाढवल्या तर?

कुणाची जागा जाणार नाही, हे खरं. पण लोकसभेत बहुमत टक्क्यांवर ठरतं. वाढीव जागा लोकसंख्येनुसार वाटल्या, तर केरळचा वाटा घटणारच. जागा वाढवणं हा उपाय कमी, दिलासा जास्त.

राज्यांचं म्हणणं मांडायला राज्यसभा आहे, असं सांगितलं जातं. तिथेही उत्तर प्रदेशला ३१ आणि गोव्याला १ जागा आहे. अमेरिकी सिनेटसारखं ‘प्रत्येक राज्याला दोन’ हे तत्त्व आपण स्वीकारलेलं नाही. त्यात २००३पासून राज्यसभेचा उमेदवार त्याच राज्यातला मतदार असण्याची अटही उरलेली नाही. आणि धन विधेयक राज्यसभा रोखू शकत नाही.

राजस्थानच्या मतदाराला समान मत नाकारणं फार काळ टिकणार नाही. पण ते देताना केरळ, तमिळनाडूचा आवाज कुठे भरून काढायचा, हे ठरवायची जागा राज्यसभाच आहे. चर्चा मात्र लोकसभेच्या आकड्यांपुढे सरकत नाही.