पिशवी खालून फोडा

मृगाच्या तोंडावर कृषी खातं दरवर्षी बजावतं: बियाण्याची पिशवी खालच्या बाजूने फोडा, वरचा टॅग शाबूत राहू द्या. पक्की पावती घ्या, रिकामी पिशवी टाकू नका, मूठभर बी बाजूला ठेवा. उद्या उगवलं नाही तर पुरावा तोच. परभणी-मानवतच्या कृषी सेवा केंद्रातून पिशवी खांद्यावर टाकून निघालेल्या माणसाला आपण शेतकरी म्हणतो. ही सूचना मात्र त्याच्यातल्या ग्राहकाला आहे.

हा ग्राहक तसा अलीकडचा. निजामाच्या राजवटीत परभणी हा गावरानी कापसाचा मुलूख. 1900 च्या सुमारास मनमाड–हैदराबाद रेल्वे आली आणि इथला कापूस दूरच्या पेठांना जोडला गेला. विकणं बाजाराचं झालं, पेरणं मात्र घरचंच राहिलं. सरकी घरची, ती शेणात घोळून पेरायची. ज्वारीची टपोरी कणसं आधीच काढून ठेवायची, बी राखेत कालवून लिंबाच्या पाल्यात जपायचं. औत सुताराचं, फाळ लोहाराचा, मोबदला खळ्यावरचं बलुतं. (त्या बलुत्यातली जात आणि लाचारी विसरून त्याचे गोडवे गाणाऱ्यांत आम्ही नाही.) 1970 मध्ये कापसाचा पहिला संकरित वाण एच-4 आला. संकरिताचं बी घरी धरून उपयोग नाही, ते दरसाल विकतच घ्यावं लागतं. कणगीतलं बी असं हळूहळू दुकानाच्या फळीवर गेलं. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत सरकी राखून ठेवणारं घर शोधावं लागू लागलं.

नेमक्या याच काळात ‘कन्झ्युमरिझम’ हा शब्द मराठीत आला आणि इथे त्याचे दोन वेगळे संसार थाटले गेले. एक ‘ग्राहक चळवळ’. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, 1986 मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. हा संसार हक्काचा. दुसरा ‘चंगळवाद’. हा शब्द उच्चारतानाच बोट उगारलं जातं. अर्थशास्त्राचा अर्थ तिसराच. उत्पादनाचं अंतिम प्रयोजन उपभोग, हे ॲडम स्मिथने 1776 मध्ये लिहून ठेवलं. तिथे खरेदी म्हणजे पुण्यही नव्हे, पापही नव्हे, ती मागणी. पाऊस बरा झाला की साबण-बिस्किटांच्या कंपन्या ‘ग्रामीण मागणी सुधारेल’ म्हणतात, ती हीच.

परभणीचा माणूस या तिन्हींत कुठे बसतो? कापूस विकून झाला की फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो. पोरांना पाळणा, बायकोला बांगड्या, जमलं तर घरात एखादी वस्तू. एखाद्या वर्षी भाव साधला आणि दारात मोटारसायकल आली, की शहरातल्या वर्तमानपत्रांना लगेच ‘खेड्यात शिरलेला चंगळवाद’ दिसतो. अग्रलेख लिहिणाऱ्यांच्या घरात किती गाड्या आहेत, हे आम्ही विचारत नाही. पण त्याच मोटारसायकलवाल्याने जूनमध्ये बी, खत, औषध यांवर केलेला खर्च या चर्चेत येतच नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबातही तो उपभोग नव्हे, उत्पादनाचा खर्च. घरातली सगळ्यात मोठी खरेदी अशी कोणत्याच अर्थात मावत नाही.

कायद्यातही तिला जागा भांडून मिळवावी लागली. व्यापारासाठी माल घेणारा ‘ग्राहक’ नव्हे, ही कायद्यातली मेख. पीक विकतो म्हणजे शेतकरी व्यापारीच, असा युक्तिवाद झाला. आंध्रच्या शेतकऱ्यांच्या तक्रारींवरून राष्ट्रीय बियाणे निगमाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2012 मध्ये न्यायालयाने निकाल दिला की बी विकत घेणारा शेतकरी ग्राहकच आहे. तपासणीसाठी नमुना कुठे आहे, या प्रश्नावर न्यायालयाचं म्हणणं साधं होतं: शेतकरी आणलेलं सगळं बी पेरतो, त्याने नमुना राखून ठेवावा ही अपेक्षाच गैर. शेत पाहिलेल्या कुणालाही हे कळतं. तरीही ‘मूठभर बाजूला ठेवा’ ही सूचना आजही निघते, आणि शहाणा शेतकरी ती पाळतो. ज्या कोनाड्यात पुढच्या पेरणीचं बी असायचं, तिथे आता पुढच्या तक्रारीचं बी असतं.

किमतीची मोठी लढाईही बियाण्याचीच झाली. बीटी कापसाचं साडेचारशे ग्रॅमचं पाकीट सोळाशे रुपयांच्या वर होतं. 2006 मध्ये आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेलं आणि भाव साडेसातशेवर आला. महाराष्ट्राने 2009 मध्ये स्वतःचा कापूस बियाणे कायदा केला. ग्राहक चळवळीचा इतिहास सांगताना आपण वजनमापं, भेसळ, रिक्षाचं मीटर सांगतो. हे पाकीट क्वचितच सांगतो.

निवडीचं स्वातंत्र्य हा ग्राहकाचा हक्क म्हणतात. हंगामात उधारीवर माल उचलणाऱ्याला निवड कसली? हवं ते खत पाहिजे तर नको असलेली बाटलीही घ्या, या प्रकाराला दुकानाच्या भाषेत ‘लिंकिंग’ म्हणतात. आणि पावती मागितली की उधारीची वही मिटते.

2020 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा ढीग लागला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हापासून कृषी खात्याने घरचं सोयाबीन वापरण्याचा धोशा लावला आहे. सोयाबीन सरळ वाणाचं, त्याचं बी घरी धरता येतं. मे महिन्यात परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात बियाण्यासाठी रांगा लागतात, त्याच सुमारास काही ओसऱ्यांवर ओलं गोणपाट अंथरलेलं दिसतं. त्यावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे, वरून गुंडाळी, रोज पाण्याचा शिपका. आठवडाभराने गुंडाळी उलगडायची आणि कोंब मोजायचे. सत्तर निघाले, तर यंदा दुकानाची पायरी चढायची नाही.