डब्यावर ‘सप्लिमेंट’, आत काय?

गेल्या काही वर्षांत पुण्यासह राज्यातल्या अनेक शहरांतून एकाच प्रकारची बातमी पुन्हा पुन्हा येते. मेफेंटरमाईन नावाचं इंजेक्शन जिमच्या पोरांना विकणाऱ्यांना पोलिसांनी पकडलं, बाटल्या जप्त केल्या. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर पेशंटचा रक्तदाब खाली गेला तर तो वर आणायला हे औषध वापरतात. स्नायू वाढवण्याशी त्याचा काही संबंध नाही. व्यायाम करताना थकवा जाणवू नये एवढ्यासाठी पोरं ते टोचून घेतात. बातमी वाचून आपण हळहळतो आणि मनात म्हणतो, आमचा मुलगा तसला नाही, तो फक्त पावडर घेतो.

आम्हाला बोलायचं आहे ते या ‘फक्त पावडर’बद्दल. इंजेक्शनवाला पोलिसांच्या हाती लागतो. डबा मात्र काचेच्या शोकेसमध्ये, दिव्यांच्या झगमगाटात उघड मांडलेला असतो.

‘सप्लिमेंट’ हा शब्द विकणाऱ्याच्या मोठ्या सोयीचा आहे. दुकानाच्या एकाच फळीवर त्या नावाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे व्हे प्रोटीन, क्रिएटिन वगैरे. व्हे म्हणजे चीज करताना उरणारं दुधाचं पाणी, ते वाळवून केलेली भुकटी. हे अन्नच आहे. दुसरी गोष्ट ‘टेस्टो बूस्टर’. गोखरू, मेथी, अश्वगंधा, जस्त यांच्या गोळ्या, आणि दावा असा की पुरुषी हार्मोन, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, झपाट्याने वाढेल. गोखरूच्या चाचण्या तरुण खेळाडूंवर झालेल्या आहेत, हार्मोन वाढलं नाही. तिसरी गोष्ट म्हणजे खरोखरचं हार्मोन किंवा त्याची रासायनिक भावंडं. कधी नाव छापून, कधी न छापता. मुलगा पहिल्या डब्यापासून सुरू करतो, काही महिन्यांनी दुसऱ्यावर येतो, आणि ‘रिझल्ट’ दिसेना की कुणीतरी तिसऱ्याचं नाव कानात सांगतो. घरात मात्र अम्मीला शेवटपर्यंत एकच शब्द ऐकू येतो: सप्लिमेंट.

हार्मोन दुकानाच्या काउंटरवर कसं पोहोचलं, ही कहाणी अमेरिकेची आहे. ती इथं सांगण्याचं कारण असं की आपल्याकडच्या जाहिराती तिथूनच उतरवलेल्या असतात. १९९४ मध्ये तिथं आहारपूरक पदार्थांचा कायदा झाला. त्यानुसार असा माल बाजारात आणण्यापूर्वी तो सुरक्षित आणि गुणकारी असल्याची सरकारी मंजुरी घ्यावी लागत नाही. घातक असेल तर ते नंतर सरकारने सिद्ध करायचं. १९९८ मध्ये मार्क मॅकग्वायर हा बेसबॉलपटू विक्रमी ७० होमरन मारत असताना त्याच्या कपाटात अँड्रोस्टेनडायोन नावाची बाटली एका पत्रकाराला दिसली. हा पदार्थ शरीरात टेस्टोस्टेरॉनमध्ये बदलतो, आणि तेव्हा तो दुकानात सर्रास मिळायचा. बातमी छापून आली आणि लोक घाबरण्याऐवजी विक्रीच वाढली! पुढच्याच वर्षी अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. तरुणांना आठ आठवडे ही गोळी देऊन व्यायाम करवला. टेस्टोस्टेरॉन वाढलं नाही, ताकद इतरांपेक्षा जास्त आली नाही. वाढलं ते स्त्री-हार्मोन इस्ट्रोजेन, आणि घटलं ते हृदयाला जपणारं चांगलं कोलेस्टेरॉल. तरीही हा पदार्थ बंदी घातलेल्या स्टिरॉइडच्या यादीत टाकणारा कायदा व्हायला २००४ उजाडलं. त्यातूनही डीएचईए हे हार्मोन वगळलं गेलं. ते आजही तिथं चिठ्ठीशिवाय मिळतं, म्हणून परदेशातला कुणी नातेवाईक ‘अमेरिकेची व्हिटॅमिनची बाटली’ आणतो तेव्हा त्यावरचं नाव वाचलेलं बरं. उत्तेजकविरोधी यादीत डीएचईए निषिद्ध आहे. कुस्ती, कबड्डी खेळणाऱ्या मुलाच्या नमुन्यात ते सापडलं तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही.

बंदीनंतर धंदा थांबला नाही, फक्त नावं बदलली. रेणूत थोडा फेरफार करून ‘प्रोहार्मोन’ आले, त्यांच्यासाठी २०१४ मध्ये आणखी एक कायदा करावा लागला. मग ‘सार्म्स’ आले, ज्यांच्या बाटलीवर ‘केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’ असं लिहून पळवाट काढली जाते. संशोधकांनी ऑनलाइन मिळणारी अशी ४४ उत्पादनं तपासली, निष्कर्ष २०१७ मध्ये आले. जेमतेम निम्म्यांत सार्म्स होते, ३९ टक्क्यांत दुसरंच मंजुरी नसलेलं औषध होतं आणि काहींत काहीच नव्हतं. २००७ ते २०१६ या काळात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने भेसळीचे ठरवलेले ७७६ सप्लिमेंट मोजले गेले, तेव्हा स्नायू वाढवणाऱ्यांपैकी जवळजवळ नव्वद टक्क्यांत स्टिरॉइड किंवा तशीच द्रव्यं आढळली. ती लेबलवर लिहिलेली नव्हती.

आता आपल्या देशाकडे येऊ. कागदावर आपला कायदा अमेरिकेपेक्षा कडक आहे. एफएसएसएआयच्या न्यूट्रास्युटिकल नियमांनुसार अशा खाद्यपदार्थांत हार्मोन, स्टिरॉइड घालायलाच मनाई आहे. टेस्टोस्टेरॉन, नँड्रोलोन ही औषधं शेड्यूल एचमध्ये येतात, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मेडिकलवाल्याने ती देता कामा नयेत. याचा सरळ अर्थ असा की भारतात ‘चिठ्ठीशिवाय मिळणारं कायदेशीर पुरुषी हार्मोन’ अशी चीजच नाही. डब्यात हार्मोन नसेल तर जाहिरात खोटी आहे, आणि असेल तर माल बेकायदा आहे. तिसरी शक्यता उरत नाही.

मग हे चालतं कसं? डबा अन्न म्हणून विकला जातो आणि त्यातलं द्रव्य औषध असतं. अन्नाचे अधिकारी वेगळे, औषधांचे वेगळे, आणि नमुना घेऊन प्रयोगशाळेत स्टिरॉइड शोधायचं काम खर्चिक. डब्यात नेमकं काय आहे हे तपासून पाहणारे थोडे. केरळच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या एका अभ्यासात भारतात खपणारी ३६ प्रोटीन उत्पादनं तपासली गेली. २०२४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा २५ डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा चुकीचा निघाला. म्हणजे ज्याला आपण साधं अन्न म्हणतो त्या पहिल्या फळीची ही अवस्था.

जाहिरातीचं तर काय सांगावं. ‘आधी-नंतर’चे फोटो, ‘शंभर टक्के नॅचरल’, ‘नो साइड इफेक्ट’, आणि खाली डिस्काउंटचा कोड. अमेरिकेत ‘लिव्हर किंग’ म्हणून गाजलेल्या माणसाने कच्ची कलेजी खाऊन असं शरीर कमावल्याचं सांगत सप्लिमेंटचा धंदा उभारला. स्टिरॉइड घेत असल्याचं तो नाकारत राहिला. मग त्याचे ईमेल फुटले आणि डिसेंबर २०२२ मध्ये व्हिडिओ करून कबुली द्यावी लागली. आपल्याकडेही शरीर एका गोष्टीने बनतं आणि विकली जाते दुसरीच गोष्ट. पैसे घेऊन जाहिरात करणाऱ्या इन्फ्लुएन्सरने तसं स्पष्ट सांगितलं पाहिजे, आणि फसव्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर पन्नास लाख. पण मोहल्ल्यातल्या जिममध्ये जाहिरातदार हा मुलाचा ‘उस्ताद’च असतो. बऱ्याच ठिकाणी त्याच्या पगारापेक्षा डब्यामागच्या कमिशनवर त्याचं घर चालतं. त्यालाच सगळा दोष देऊन भागणार नाही, पण सल्ला कुठून येतो हे माहीत असावं.

शरीरात काय होतं ते आता पाहू. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूतली पीयूष ग्रंथी समजते, माल भरपूर आहे, आणि अंडकोषांना काम थांबवायचा हुकूम देते. अंडकोष आक्रसतात, शुक्राणू बनणं मंदावतं, कधी पूर्ण थांबतं. बाहेरून दंड भरलेले आणि आतून कारखाना बंद. हे इतकं खात्रीचं आहे की जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरॉनची साप्ताहिक इंजेक्शनं पुरुषांच्या गर्भनिरोधनासाठी अजमावली होती. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत बहुसंख्य पुरुषांच्या वीर्यात सहा महिन्यांच्या आत एकही शुक्राणू उरला नाही. औषध बंद केल्यावर बहुतेकांचं गाडं रुळावर येतं, पण त्याला कित्येक महिने लागतात. जिमवाले तर एकावर एक औषधं चढवतात, तेही कितीतरी जास्त मात्रेत, आणि सगळ्यांचं पूर्वपदावर येतंच असं नाही.

आपल्या घरांत याचा हिशेब कोण चुकतं करतं? बहुतेक वेळा सून. निकाहच्या आधी सहा महिने मुलाने ‘कोर्स’ मारलेला असतो, शेरवानी छान बसावी म्हणून. वर्ष-दीड वर्ष पाळणा हलत नाही आणि दवाखान्याच्या चकरा, सोनोग्राफ्या, सासूचे टोमणे हे सगळं त्या मुलीच्या वाट्याला येतं. वीर्यतपासणी ही साधी, स्वस्त चाचणी आहे, पण ‘एवढा तगडा गडी, त्याला काय झालंय’ म्हणून ती शेवटी होते. आणि मुलगा कोर्सबद्दल डॉक्टरांना सांगतच नाही, कारण शेजारच्या खुर्चीत अब्बू किंवा बायको बसलेली असते.

बाकीचं थोडक्यात. पाठीवर मोठाले फोड, मुलांच्या छातीला येणारी गाठ, चिडचिड, औषध सोडल्यावर येणारी खोल उदासी. तोंडाने घ्यायच्या स्टिरॉइड गोळ्यांनी यकृताला सूज, कावीळ. हृदयाचे स्नायू जाड होतात, रक्त घट्ट होतं. डेन्मार्कमध्ये जिममधल्या तपासणीत स्टिरॉइडसाठी पकडल्या गेलेल्या ११८९ पुरुषांचा सरासरी ११ वर्षं मागोवा घेतला. त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण समवयस्क पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट होतं.

एक विषय आपल्या घरांपुरता. डबा आणताना आपण हलालचा शिक्का पाहतो, कॅप्सूलच्या जिलेटिनची चौकशी करतो. चांगलंच आहे. पण तो शिक्का आत स्टिरॉइड नसल्याचा प्रयोगशाळेचा दाखला नव्हे. एफएसएसएआयचा १४ आकडी लायसन्स नंबर, आयातदाराचं नाव-पत्ता, ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना हेही पाहायला हवं. शब्दाच्या शेवटी ‘डायोन’, ‘स्टेन’, ‘ओलोन’ असं काही असेल, किंवा ‘सार्म्स’, ‘सायकल’, ‘पीसीटी’ हे शब्द दिसले, तर डबा तिथंच ठेवावा. पीसीटी म्हणजे कोर्सनंतर शरीर सावरण्याचा उपचार. साध्या खाद्यपदार्थाला असा उपचार कशाला लागेल?

मुलगा आधीच घेत असेल तर आरडाओरडा करून डबा गटारात ओतू नका. बरेच महिने चाललेलं हार्मोन एकाएकी तुटलं की पोरगं फार खचतं, आणि डॉक्टरांना दाखवायला डबाही हाताशी हवा. डबा आणि बिल घेऊन त्याला हार्मोन तज्ज्ञाकडे न्या. आत त्याला एकट्यालाच पाठवा, तुम्ही बाहेर बसा. बिल मिळालेलं नसेल तर पुढच्या वेळी दुकानदाराकडे पक्कं मागा. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना माल कुठून आला, हे दाखवायला तोच कागद कामी येतो.