फोन चोरीला गेल्यावरचे पहिले २४ तास : 'संचार साथी' कुठे कामाला येतं आणि कुठे नाही?

डिसेंबर २०२५ चा पहिला आठवडा आठवतोय? दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबरला मोबाईल कंपन्यांना आदेश दिला होता की, ९० दिवसांत प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' ॲप आधीपासूनच टाकून द्या. बातमी बाहेर आली आणि गदारोळ झाला. विरोधकांनी हेरगिरीचा आरोप केला, तर नको असेल त्याने ॲप काढून टाकावं, असं केंद्रीय मंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी सांगितलं. शेवटी ३ डिसेंबरला सरकारने ही सक्ती मागे घेतली.

खासगीपणाचा मुद्दा महत्त्वाचा होताच. पण ज्याचा फोन खरंच चोरीला जातो, त्याला हे सगळं कितपत उपयोगी पडतं, हा प्रश्न त्या गोंधळात मागेच राहिला.

मुळात चोरीचा फोन ब्लॉक करायला ॲप लागतच नाही. ते काम 'सीईआयआर' ही यंत्रणा करते. तिची सुरुवात २०१९ मध्ये मुंबईतूनच झाली आणि मे २०२३ पासून ती संचार साथीच्या वेबसाईटवर देशभर उपलब्ध आहे. ॲप आलं जानेवारी २०२५ मध्ये.

ब्लॉक होतं म्हणजे नक्की काय होतं?

प्रत्येक फोनला १५ अंकी आयएमईआय नंबर असतो. दोन सिमच्या फोनला असे दोन नंबर. तुम्ही पोलिसांत तक्रार करता, तिची प्रत, ओळखपत्र आणि फोनची माहिती वेबसाईटवर भरता. मग तो नंबर सगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या काळ्या यादीत जातो. चोराने कुठलंही सिम टाकलं तरी भारतात त्या फोनला नेटवर्क मिळत नाही आणि कुणी वापरायचा प्रयत्न केला, तर त्याची माहिती पोलिसांपर्यंत पोहोचते. फोन परत मिळाला की तुम्हीच तो अनब्लॉक करून घ्यायचा.

यंत्रणा चांगली आहे. पण फोन वायफायवर चालतच राहतो. तो सुटा करून त्याचे पार्ट विकले, तर आयएमईआय ब्लॉक करून काही साधत नाही. आयएमईआय बदलणारेही आहेत. नव्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे, तो उगीच नाही.

आणि मधले तास?

गेल्या वर्षी माझ्या रूममेटचा फोन लोकलच्या दारातून गेला. रुळांशेजारी उभं राहून हातावर फटका मारणारी टोळी असते, तसाच प्रकार. आम्ही पोलिसांकडे गेलो तर 'चोरी' लिहायची की 'गहाळ', यावर पाऊण तास गेला. मग डुप्लिकेट सिम. सीईआयआरच्या सूचनांमध्येच ते आधी घ्यायला सांगितलंय, कारण ओटीपी त्यावर येतो. आणि गंमत म्हणजे, नव्याने दिलेल्या सिमवर एसएमएस सुरू होतात २४ तासांनी! म्हणजे फोन ब्लॉक करायचा फॉर्म भरायला आम्हाला दुसरा दिवस उजाडला.

चोराला मात्र कुणीच थांबवलेलं नव्हतं. तुमचा फोन लॉक असला, तरी तो सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकू शकतो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे येऊ लागतात. यूपीआयचा पिन त्याला माहीत नसेल, पण नवा पिन बनवायला काय लागतं? डेबिट कार्डाचे शेवटचे ६ अंक, मुदतीची तारीख आणि ओटीपी. कार्डाचा फोटो गॅलरीत किंवा व्हॉट्सॲपवर 'सेव्ह' करून ठेवणारे आपल्या ओळखीत किती आहेत, मोजून बघा. (माझा होता. त्या रात्री काढला.)

म्हणून माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी दुसऱ्या कुणाच्या फोनवरून सिम बंद करायचं, लगेच बँकेला कळवून यूपीआय आणि कार्ड थांबवायचं, गुगल किंवा ॲपलच्या 'फाइंड' सेवेतून फोन लॉक करायचा आणि मग पोलीस ठाणं. पैसे गेलेच असतील तर १९३० वर फोन. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार, बँकेला कळवल्यानंतर होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी बँकेवर असते, त्यामुळे कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

यातलं बरंचसं काम फोन हातात असतानाच होऊ शकतं. सेटिंगमध्ये जाऊन सिमला पिन लावला, तर ते सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर आधी पिन मागतं. मात्र कंपनीने दिलेला मूळ पिन माहीत करूनच हे करा. तीनदा चुकला तर सिम लॉक होतं आणि पीयूके कोड मागत बसावं लागतं. अँड्रॉइडमध्ये 'थेफ्ट डिटेक्शन लॉक' आणि आयफोनमध्ये 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' आहे का, तेही बघा. पहिलं, फोन हिसकावून पळाल्याची हालचाल ओळखून स्क्रीन बंद करतं. दुसरं, अनोळखी ठिकाणी ॲपल आयडीचा पासवर्ड बदलायला चेहरा किंवा बोट मागतं आणि वर तासभर थांबवतं. स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून दिसणारा आयएमईआय घरातल्या वहीत लिहा. फोनमध्येच नोंदवून ठेवला, तर तोही फोनबरोबरच जाईल.

सेकंडहँड फोन घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. पैसे देण्याआधी केवायएम, मग एक स्पेस आणि आयएमईआय नंबर असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन काळ्या यादीत असेल तर तिथेच कळतं. नाहीतर सहा महिन्यांनी पोलिसांचा फोन तुम्हाला येतो आणि दुकानदार बिल दिल्याचं मान्यच करत नाही.